दादाभाऊंनी मूठ उघडली

खडकमाळच्या सार्वजनिक उद्यानात झाडं अकरा होती आणि पाट्या एकोणीस. ‘फुले तोडू नयेत.’ ‘हिरवळीवर चालू नये.’ हिरवळ अजून यायची होती. ‘थुंकू नये.’ ‘मोठ्याने बोलू नये.’ ‘पाट्यांवर काही लिहू नये.’ या शेवटच्या पाटीखाली कुणीतरी कोळशानं ‘बरं’ असं लिहून ठेवलं होतं.

या एकोणीसही पाट्या उद्यान समितीचे अध्यक्ष दादाभाऊ यांनी स्वतः उन्हात उभं राहून रोवून घेतल्या होत्या. दादाभाऊ एसटीतले निवृत्त कंडक्टर. घोडेगाव-तळेघर रस्त्यावर बत्तीस वर्षं त्यांनी माणसं मोजली. चढलेली, उतरलेली, दाराला लटकलेली. नोकरी सुटली, पण मोजायची खोड काही सुटली नाही. सदऱ्याच्या खिशात एक डायरी असायची आणि तिच्यात तीन रकाने: कोण, कधी, काय मोडलं. वारूळवाडीच्या पाहुण्यानं बाकावर पाय वर घेतले, की झाली नोंद. कुणाची शेळी फाटकातून आत आली, की मालकाच्या नावानं नोंद. दादाभाऊ स्वतः रोज संध्याकाळी त्या न उगवलेल्या हिरवळीवरून आडवे घरी जात, कारण ती वाट जवळची पडे. त्याची नोंद मात्र डायरीत शोधून सापडली नसती. आपल्यापैकी कितीजणांच्या डायरीत आपलं स्वतःचं नाव सापडेल, हाही प्रश्नच आहे म्हणा!

तर अशा या उद्यानात पाट्या होत्या, पण माणसं नव्हती. सकाळी दोन-चार म्हातारे, संध्याकाळी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या दादाभाऊंच्या मंडळी गोजरबाई आणि मधल्या वेळेत शेळ्या, एवढाच काय तो राबता.

मग पाडव्याला संपतची लेक अक्षदा वारागाडी घेऊन आली.

अक्षदा चोवीस वर्षांची. आयटीआयला वेल्डिंग शिकलेली. बापाच्या दुकानात गोठ्यांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारी. उद्यानात चालायच्या वाटेला लागून मुरमाचं लांबलचक मोकळं मैदान होतं आणि खडकमाळ पठारावर असल्यामुळे फाल्गुन सरला, की दुपारी चारला पश्चिमेकडून वारा सुटे तो दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. बायका त्या वाऱ्याला शिव्या देत, कारण वाळत घातलेली कुरडई शेजारच्या गच्चीवर जाई. अक्षदानं त्याच वाऱ्याला कामाला लावलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, तीन चाकं, मध्ये बांबू आणि बांबूला निळ्या ताडपत्रीचं शीड. पुढचं चाक पायांनी वळवायचं, हातात शिडाची एक दोरी धरायची. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. वारा भरला, की गाडी सुळ्ळकन सुटायची!

पंधरा दिवसांत अशा तीन गाड्या झाल्या. घोडेगाव, नारायणगावकडून माणसं यायला लागली. ज्यांच्या कंबरा खुर्चीतून उठताना कुरकुरत, ते बापे गाडीत बसून ‘हुर्रर्र’ करायला लागले. गावाला आपल्याकडे उद्यान आहे, हा शोध तेव्हाच लागला.

पहिल्याच दिवशी अक्षदा दादाभाऊंकडे आली होती.

“काका, मैदान आणि चालायची वाट यांच्यात दोरी बांधू या का? आणि प्रत्येकाला बसण्याआधी दोन मिनिटं समजावून सांगायचं. काही नियम ठरवू या.”

दादाभाऊ तेव्हा खुशीत होते. उद्यानाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते आणि त्यातल्या एका फोटोत, कोपऱ्यात का होईना, ते स्वतः होते.

“अगं, एकोणीस पाट्या हायेत. कुणी वाचतंय का? आता इसावी कशाला? पळू दे की. काय व्हतंय!”

‘काय व्हतंय!’ आपल्याकडे निम्मी कामं या दोन शब्दांवर चालतात आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळेच बंद पडतात. महिन्याभरात दादाभाऊंच्या डायरीत सहा नोंदी झाल्या. एकजण गाडीसकट करंजाच्या झाडाला भिडला. एक नळाच्या तोटीवर गेला आणि तोटी घेऊनच पुढं गेला. एकानं ‘मोठ्याने बोलू नये’ ही पाटी मुळासकट उपटली आणि ते करताना तो चांगलाच मोठ्यानं बोलत होता. सहावा गोरख. दर यात्रेला बैलगाडा पळवणारा, गावचा नावाजलेला गडी. त्याची गाडी कुंपणात शिरली आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला.

गोरखनं गावभर डंका पिटला, “गाडीला बिरेकच न्हाई, राव! वारं भरलं की थांबतच न्हाई. आज हात मोडला, उद्या कुनाचं डोस्कं फुटंल!”

झालं! काल ‘काय व्हतंय’ म्हणणारं सगळं गाव आज ‘बंद करा’ म्हणू लागलं. दादाभाऊंचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. सरपंच प्रतिभाताईंनी सोमवारी सकाळी बैठक लावली. दादाभाऊंनी शनिवारीच ठराव लिहून काढला: ‘वारागाड्या कायमस्वरूपी बंद करणेबाबत.’ खाली सही तेवढी राहिली होती.

रविवारी दुपारी अक्षदा त्यांच्या घरी आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

“काका, उद्या ठराव झाला, की गाड्या कापायच्या, असं आमचे अण्णा म्हणतात. त्या नळ्यांचं फाटक करणार आहेत. माझं एवढंच म्हणणं आहे, तुम्ही एकदा गाडीत बसून बघा. मग खुशाल सही करा.”

“मला बसून काय करायचंय? सहा नोंदी हायेत माझ्याकडं.”

आतून गोजरबाई चहा घेऊन आल्या. “अहो, बसा की एकदा. चव न बघता मीठ जास्त झालंय म्हणायची सवयच हाय तुमाला.”

दादाभाऊंनी चहा घेतला, टोपी घातली आणि म्हणाले, “चल. स्वतःच्या डोळ्यांनी पुरावाच घेतो. म्हंजी उद्या कुणी बोलायला नको.”

ते उद्यानात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. वारा चांगलाच सुटला होता. करंजाखाली ठमाबाई बसल्या होत्या. ठमाबाई तळेघरच्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. दर वैशाखात इथं दिलेल्या लेकीकडे महिनाभर राहायला येत. पूर्वी नाचणीची पाटी घेऊन त्या दादाभाऊंच्याच गाडीनं घोडेगावच्या बाजाराला जात. ‘पाटी मागं ठेवा, पाटी मागं’ हे दादाभाऊंचं ओरडणं त्यांनी वीस वर्षं ऐकलं होतं.

ठमाबाईंनी मूठभर माती उचलली, हात उंच केला आणि माती हळूहळू सोडली. माती सरळ पूर्वेकडे गेली.

“काय ठमाबाई, माती का उडवताय?” दादाभाऊंनी विचारलं.

“वारं बघती, कंडक्टर. उपणायची सवय हाय. खळ्यावर भात उपणाया हुबी ऱ्हायली, की पयलं वारं बघायचं, मंग पाटी उचलायची. आज वारं दमानं येत न्हाई. मधीच हिसका देतंय. आज बसू नगंस.”

“तुमचं भाताचं वारं येगळं, हे गाडीचं येगळं,” दादाभाऊ हसले.

अक्षदानं हेल्मेट पुढं केलं. दादाभाऊंनी टोपी काढायला नकार दिला. शेवटी टोपीवर हेल्मेट बसलं, म्हणजे बसलं नाहीच. अक्षदा वाकून सांगू लागली, “काका, दोन गोष्टी नीट ऐका. दोरी हाताला गुंडाळू नका. आणि थांबायचं असेल तेव्हा...”

“पोरी, तुझा बाप चड्डीत व्हता तवापासून मी बैलगाडी हाकतोय. आणि बत्तीस वर्षं एसटीत काढलीत. मला गाडी शिकवती का?”

“पण काका, ही...”

“सोड म्हनतो ना!”

अक्षदानं गाडी सोडली.

आता इथं जरा थांबून दादाभाऊंच्या हाताकडे बघायला हवं. त्यांनी शिडाची दोरी घेतली आणि बैलाचा कासरा धरतात तशी पंजाभोवती दोन वेढे देऊन आवळली. कासरा ओढला, की बैल थांबतो. एसटीत तेच. कंडक्टरच्या डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली असते. ती ओढली, टण्ण झालं, की गाडी थांबते. आयुष्यात दादाभाऊंनी ज्या ज्या गाड्यांच्या दोऱ्या ओढल्या, त्या त्या गाड्या गुमान थांबल्या होत्या. दोरी ओढली म्हणजे थांबणारच, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. ते त्यांच्या हाडांत होतं.

पहिली शंभर पावलं गाडी झोकात गेली. दादाभाऊंच्या तोंडावर, डायरीत नोंद करता येणार नाही असं, हसू आलं. वारा गालांना लागत होता. आपण बासष्ट वर्षांचे आहोत, हे ते साफ विसरले.

आणि वाऱ्यानं हिसका दिला!

गाडी एकदम उसळली. दादाभाऊ दचकले. पाय हलला, पुढचं चाक वळलं आणि गाडी मैदान सोडून तिरपी चालायच्या वाटेकडे निघाली. वाटेवर, पाठमोऱ्या, काठी टेकत, एकेक पाऊल मोजून टाकत एक बाई चालली होती. हिरवं लुगडं. गोजरबाई!

दादाभाऊंनी सगळा जीव एकवटून दोरी ओढली.

शीड ताणलं गेलं, वाऱ्यानं टम्म फुगलं आणि गाडी दुप्पट सुटली. त्यांनी आणखी ओढली. गाडी आणखी पळाली! “थांब, थांब!” ते ओरडत होते, पण कुणाला, ते त्यांनाही कळत नव्हतं. टोपीवरचं हेल्मेट मागं उडालं. गोजरबाईंना हाक ऐकू गेली, त्या वळल्या आणि समोरून येणारं निळं शीड बघून जागच्या जागी खिळल्या. नव्या गुडघ्यांनी पळणार तरी कुठं? साठ पावलं उरली. पन्नास. चाळीस.

मागून अक्षदा जीव तोडून धावत येत होती. तिचा आवाज वाऱ्यात विरून जात होता. पण करंजाखालून एक आवाज उठला. शेतं ओलांडून जाणारा, डोंगरात हाकाटी देऊन कमावलेला आवाज.

“कंडक्टर! मूठ उघड! मूठ उघड रं!”

दादाभाऊंना अर्थ कळला नाही. बत्तीस वर्षांचा हात ‘ओढ’ म्हणत होता. समोर गोजरबाई होत्या. आणि कानात पुन्हा तोच आवाज आला, “सोड! सोड तिला!”

त्यांनी मूठ उघडली.

दोरीचे वेढे पंजाची साल काढत सटकन निघून गेले. शीड एकदम मोकळं झालं, वाऱ्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडलं आणि गाडीतला सगळा जोर उतरला. मुरमात चाकं करकरली. गाडी मंदावली, आणखी मंदावली आणि गोजरबाईंच्या काठीपासून दोन हातांवर येऊन मुकाट उभी राहिली.

आता फक्त ताडपत्री फडफडत होती.

गोजरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टोपी कानावर आलेली, तोंड पांढरंफटक, उघडा पंजा अजून हवेतच. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “हितं थांबा न्हाई, कंडक्टर. गाडी पुढं घ्या.”

दादाभाऊ हसायला गेले आणि रडायलाच लागले. लहान मुलासारखं, खांदे हलवून. गोजरबाई गाडीच्या काठावर टेकल्या आणि सोललेला पंजा आपल्या पदरात धरून बसल्या. अक्षदा पोचली ती धापा टाकतच.

“लागलं का हो काकू? काका? कुणाला काही लागलं का?”

“न्हाई गं बाई,” गोजरबाई म्हणाल्या, “ह्यांचा तोरा तेवढा सोलपटलाय.”

थोड्या वेळानं चौघं करंजाखाली बसली. पाणी पिऊन झालं. दादाभाऊंनी सवयीनं खिशातून डायरी काढली, सहा नोंदींचं पान उघडलं आणि एकेका नोंदीवरून बोट फिरवलं.

“अक्षदा,” ते हळू आवाजात म्हणाले, “तू मघाशी ‘थांबायचं असेल तेव्हा’ म्हनालीस. पुढं काय व्हतं?”

“दोरी सोडून द्यायची, एवढंच. गाडी आपोआप थांबते. तोच ब्रेक आहे, काका. आपले लोक घाबरले, की कासरा ओढतात. म्हणून तर म्हणत होते, आधी दोन मिनिटं सांगू द्या.”

“आणि मी काय म्हनलो व्हतो?”

अक्षदा गप्प राहिली. लहानांनी अशा वेळी गप्प राहावं, हा एक नियम आपल्याकडे पाटी न लावताही पाळला जातो.

“काय व्हतंय, असं म्हनलो व्हतो,” दादाभाऊंनीच उत्तर दिलं. मग ते म्हणाले, “पर आता ठरावावर सही करायला काय हरकत न्हाई. आज थोडक्यात वाचलो. बंदच केलेलं बरं.”

ठमाबाई फिसकन हसल्या.

“कंडक्टर, एक सांग. खळ्यावर वारं बेभान झालं, भात उडाया लागला, तर आमी काय करतो?”

“थांबता.”

“थांबतो. उपणायचंच सोडून देतो का? तसं केलं तर कोंड्यासकट भात खावा लागंल! माज्या सासूनं मला पाटी हातात द्यायच्या आदी चार गोष्टी सांगितल्या व्हत्या. वारं बघ. वारं जिकडं जातंय त्या खालच्या अंगाला कुनाला हुबं करू नगं. प्वारं असतील तर पाठीमागं बसव. खळ्याच्या कडंनं राखेची रेघ मार, म्हंजी परकं मानूस आत येत न्हाई. आन् वारं फिरलं, की हात खाली. पाटी न्हवती लावली तिनं खळ्यावर. रोज सांगायची. रोज! मी चिडायची, म्हनायची, आत्याबाई, ठावं हाय मला. ती म्हनायची, ठावं हाय तर सांगून दाव.”



“तू एकुनीस पाट्या लावल्यास,” ठमाबाई पुढं म्हणाल्या, “आन् पोरीला दोन बोल सांगू दिलं न्हाईस. पाटी खांबाला सांगती, रं. मानसाला मानसानंच सांगावं लागतं. आन् ‘बंद करा’ म्हननं लई सोपं. त्याला डोकं लागत न्हाई. ‘काय व्हतंय’ म्हनायला बी लागत न्हाई. दोनी आळशाची कामं!”

एसटीत हिची पाटी आपण वीस वर्षं मागं ठेवायला लावली, असा एक विचार दादाभाऊंच्या मनात येऊन गेला. शहाणपणही त्या पाटीबरोबर मागंच बसत होतं आणि आपण पुढं माणसं मोजत होतो!

त्यांनी पुन्हा डायरीकडे पाहिलं. तिच्यात ‘कोण’ होतं, ‘कधी’ होतं, ‘काय मोडलं’ होतं. ‘का’ मात्र कुठंच नव्हतं. पेन काढून त्यांनी चौथा रकाना आखला. आणि सहा नोंदींच्या खाली सातवी केली: ‘दादाभाऊ. रविवार, पावणेसहा. न ऐकता बसले. का: मोठेपणा.’

अक्षर जरा वाकडं आलं. पंजा सोललेला होता.

सोमवारी ग्रामपंचायतीत बैठक भरली. प्रतिभाताई सरपंच मध्ये बसल्या होत्या. गोरख प्लॅस्टरचा हात पुढं करून पहिल्याच रांगेत होता. अक्षदा दाराजवळ उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. रविवारची बातमी गावभर झाली होती आणि ती सांगताना प्रत्येकानं गाडीचा वेग थोडा थोडा वाढवला होता.

“आता तर प्रश्नच मिटला,” गोरख म्हणाला. “खुद्द अध्यक्षांवर बेतलं. वयनी बालंबाल वाचल्या. करा सही दादाभाऊ आन् गाड्या जाऊ द्या भंगारात!”

सगळ्या माना हलल्या. दादाभाऊंनी फक्त मान हलवली असती, तरी काम झालं असतं. त्यांची चूक गाडीच्या नावावर कायमची जमा झाली असती आणि कुणालाही पत्ता लागला नसता. माणसाच्या आयुष्यात अशी सोपी वाट फार वेळा येते आणि ती न उगवलेल्या हिरवळीवरच्या वाटेसारखी जवळचीही असते.

दादाभाऊ उभे राहिले. पट्टी बांधलेला पंजा त्यांनी वर केला.

“गोरख, एक सांग. गाडी सुटली तवा तू दोरी वडली का सोडली?”

“वडली की! थांबवायची म्हंजी वडनारच.”

“मग थांबली का?”

“न्हाई. म्हनून आनखी वडली.”

“मग?”

“आनखी पळाली. म्हनून लई जोरात...” गोरख मध्येच थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

“तुटक्या तोटीवाले कुठं हायेत? तुमी?”

“वडली.”

“करंजावाले?”

“वडलीच, दादाभाऊ.”

“मी बी वडली,” दादाभाऊ म्हणाले. “बाकीच्यांना काल रातीच इचारलं. सात नोंदी हायेत आणि साती जणांनी वडली. बैल थांबवायची सवय आपली. ही गाडी सोडल्यावर थांबती. अक्षदा हे पाडव्यापासनं सांगायला बघत व्हती. तिला बोलू दिलं न्हाई ते मी. कालसुद्धा ती सांगत व्हती, मी तोंड बंद केलं तिचं. माज्या बायकोवर गाडी घातली ती वाऱ्यानं न्हाई, अक्षदानं न्हाई. माज्या हेकटपणानं घातली!”

दादाभाऊंनी ठराव काढला आणि चार तुकडे केले. अक्षदानं दाराची चौकट घट्ट धरली.

“दादाभाऊ,” प्रतिभाताई म्हणाल्या, “पण उद्या पुन्हा कुणाला लागलं तर गाव मला विचारेल. नुसता कागद फाडून भागणार नाही.”

“न्हाईच भागणार, ताई. म्हनून दुसरा लिवलाय.” त्यांनी खिशातून डायरीचं पान काढलं. “मैदानाच्या कडंनं चुन्याची रेघ आणि दोरी. चालणाऱ्यांची वाट वाऱ्याच्या खालच्या अंगाला येती, ती गाड्यांच्या वेळात बंद. त्यांनी करंजाच्या बाजूनं चालायचं. डोक्यावर हेल्मेट, टोपी काढून. बांबूला लाल फडकं बांधायचं. ते आडवं होऊन फटके मारायला लागलं, की गाड्या उभ्या. आणि बसणाऱ्यानं आधी अक्षदाला सांगून दाखवायचं, थांबायचं कसं. सांगता आलं न्हाई तर बसायचं न्हाई. मग तो अध्यक्ष का असंना!”

“आन् हे सगळं बघनार कोन?” गोरखनं विचारलं. आवाजातला ताठा मात्र उतरला होता.

“एक मी. आणि तुझा हात बरा झाला की दुसरा तू. दोरी वडल्यावर काय व्हतं, हे आपल्या दोघांइतकं कुनाला ठावं हाय?”

या वेळी सगळी बैठकच हसली. गोरखही हसला, प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून हसला. प्रतिभाताईंनी नव्या ठरावावर सही केली. दारातली अक्षदा तोंड फिरवून बाहेर गेली. ती रडत नाही ना, हे बघायला ठमाबाई मागोमाग गेल्या आणि दोघी हसतच परत आल्या.

त्यानंतरचे रविवार बघण्यासारखे होते. मैदानाच्या तोंडाशी दादाभाऊ उभे. घोडेगावच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून आणलेली एसटीची जुनी घंटी त्यांनी खांबाला टांगली होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे जाऊ द्या. बसणारा विचारला जाई, “थांबायचं कसं?” तो म्हणे, “मूठ उघडायची.” “करून दाव.” तो मूठ उघडून दाखवी. मग टण्‌ टण्‌!

एकदा लाल फडकं फटके मारायला लागलं तेव्हा लांबून आलेला एक रुबाबदार पाहुणा म्हणाला, “दादा, एकच फेरी. काय होतंय?”

“काय व्हतंय, हे ऐकायचं असंल तर हितं बसा,” दादाभाऊ म्हणाले. “मी डायरी वाचून दावतो. शेवटचं नाव माझं हाय.”

पाहुणा बसला. तासाभरानं वारा नरमल्यावर त्यानं फेरीही मारली आणि हसत घरी गेला. त्या दिवशीच नव्हे, पुढचा सगळा वैशाख डायरीचं पान कोरंच राहिलं.

शेवटच्या रविवारी गोजरबाई काठी टेकत मैदानाच्या तोंडाशी आल्या.

“मला बी बसवा.”

“डॉक्टरनी चालायला सांगितलंय,” दादाभाऊ म्हणाले.

“रोज चालतीच हाय. आज पळती.”

“थांबायचं कसं?”

“हे बघा,” म्हणून गोजरबाईंनी मूठ उघडली. तळहातावर नवऱ्यासाठी आणलेला शेंगदाण्याचा लाडू होता. दादाभाऊंनी तो घेतला, गोजरबाईंच्या डोक्यावर हेल्मेट नीट बसवलं, पट्टा दोनदा तपासला आणि दोन टोले दिले. निळं शीड फुगलं. हिरवं लुगडं वाऱ्यावर निघालं. दादाभाऊंनी फेरी संपेपर्यंत जीव मुठीत धरला होता. फेरी संपली, मूठ उघडली, गाडी थांबली आणि तो जागेवर आला. मगच त्यांनी लाडू खाल्ला.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या गावात, सोसायटीत, कचेरीत अशी एखादी वारागाडी असतेच. कुणीतरी काही नवं करतं. आपण आधी ‘काय व्हतंय’ म्हणून डोळे मिटतो आणि काही झालं, की ‘बंद करा’ म्हणून दार मिटतो. दोन्ही वेळा मिटलेलं असतं ते आपलं डोकं. नियम आनंदाचा वैरी नाही. नियमामुळेच तर आनंद दुसऱ्या दिवशीही जागेवर सापडतो. पण तो कारणासकट सांगावा लागतो, माणसानं माणसाला, न कंटाळता. आणि सांगणाऱ्यानं पहिल्यांदा स्वतः पाळावा लागतो. मोठेपणा घट्ट आवळून धरला, की गाडी फक्त पळते. ती थांबवायची, तर मूठ उघडावी लागते.

खडकमाळच्या उद्यानात आता झाडं पंधरा आहेत आणि पाटी एकच. त्यावर लिहिलंय, ‘थांबायचं तर मूठ उघडा. हिरवळ उगवते आहे, जरा वळसा घाला.’ तिच्याखालीही कोळशानं ‘बरं’ असं लिहिलेलं आहे. अक्षर जरा वाकडं आहे. दादाभाऊंच्या सातव्या नोंदीसारखं.